आधी ओला कागद

"बत्तीस वर्षांत," कवटीसर म्हणाले, "या हातांनी एकही हाड मोडलेलं नाही, आणि ओल्या कागदाशिवाय एकही वेष्टण घातलेलं नाही!"

हे वाक्य त्यांनी काचेच्या कपाटाला उद्देशून उच्चारले. कपाटात एका डायनासोरच्या शेपटीचे नऊ मणके मांडलेले होते. मणक्यांनी ते वाक्य यापूर्वीही पुष्कळदा ऐकलेले असल्यामुळे कोणीही मान डोलावली नाही. सर मात्र स्वतःवर निहायत खूश होते. दुपारी तीन वाजता समिती येणार होती, आणि समितीसमोर करायच्या भाषणाची ही सकाळची तालीम होती.

ओल्या कागदाची ही काय भानगड आहे, ते आधी सांगितलेले बरे. कोट्यवधी वर्षे खडकात पडून दगड झालेले हाड बिस्किटापेक्षाही भुसभुशीत असते. ते तसेच उचलले तर हातात चुराच येतो. म्हणून त्याला भोवतालच्या दगडासकट उकरून काढतात, आणि प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या त्याच्याभोवती गुंडाळतात. वाळल्यावर वेष्टण कसे टणक होते! पण पट्ट्यांच्या आधी हाडावर ओल्या कागदाचा थर द्यावाच लागतो. तो नसेल तर प्लास्टर हाडाला असे चिकटते, की निवृत्तीचे वय उलटलेला अधिकारीही खुर्चीला तसा चिकटत नसेल. थोडक्यात, या शास्त्रातली सगळी विद्वत्ता एका पारड्यात आणि तो ओला कागद दुसऱ्या पारड्यात.

असेच एक वेष्टण प्रयोगशाळेतल्या मधल्या टेबलावर अकरा वर्षे पडून होते. आकाराने बसलेल्या मेंढीएवढे. त्याच्या आत डायनासोरची कवटी आहे, असे सरांचे ठाम म्हणणे होते, आणि त्यावरूनच विद्यार्थ्यांनी त्यांचे बारसे केले होते. पाला खाणाऱ्या त्या अजस्र प्राण्यांच्या मांड्या सापडतात, मणके सापडतात, डोके मात्र सहसा सापडत नाही. एवढ्या प्रचंड देहाला एवढेसे डोके, आणि तेही मान सैल पडताच घरंगळून जाणारे! निसर्गाने ही रचना पुढे मोडीत काढली; महाविद्यालयांच्या प्रशासनाने ती जतन केली.

वेष्टण न उघडताच सरांनी आतल्या कवटीवर सात शोधनिबंध लिहिले होते. "उघडण्याची घाई अडाण्यांना असते," असे ते म्हणत. खरे कारण निराळे होते. उघडले आणि आत नुसता दगड निघाला तर? या प्रश्नाने अकरा वर्षे त्यांच्या हातातली करवत परत खणात ठेवली होती. हे फक्त एका माणसाला ठाऊक होते. त्या म्हणजे सुईताई.

सुईताई प्रयोगशाळेच्या सहायक. चोवीस वर्षे त्या भिंगाखाली सुई आणि कुंचला घेऊन हाडावरचा दगड कणाकणाने काढत आल्या होत्या. बोलणेही असेच, कणाकणाने. तीन वर्षांपूर्वी त्यांनी न विचारता त्या मोठ्या वेष्टणाला करवत लावली, तेव्हा सरांनी त्यांना मेमो दिला होता आणि भिंतीवर स्वहस्ते नियम लिहून लावला होता: 'माझ्या लेखी परवानगीशिवाय कोणतेही वेष्टण उघडले जाणार नाही.' त्या दिवसापासून सुईताईंनी एक व्रत घेतले. सर सांगतील ते अक्षरशः करायचे. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. हाताखालच्या माणसाने वरिष्ठावर उगवायचा याहून भयंकर सूड अजून शोधला गेलेला नाही.

आणि प्राचार्य? प्राचार्यांना ही खोली अतिथीकक्षासाठी हवी होती. विद्येचा दर्जा पाहुण्यांच्या बसण्याच्या सोयीवरून ठरतो, असे त्यांचे मत होते. आणि दुर्दैवाने अनुभव त्यांच्याच बाजूने होता. तीन जणांच्या बसण्याचा एक सोफा येऊनही पडला होता. प्लास्टिकच्या आवरणासकट तो कॉरिडॉरमध्ये वेशीवर तळ ठोकलेल्या शत्रूसारखा उभा होता. ठरले होते ते असे: समितीसमोर आज वेष्टण उघडायचे. आत कवटी असेल तर प्रयोगशाळा राहील. नुसता दगड असेल तर आठ दिवसांत खोली रिकामी करायची, आणि बत्तीस वर्षांची हाडे पाण्याच्या टाकीखालच्या गोदामात हलवायची.

"सर, तालमीला हाड कुठलं घेऊ?" सुईताईंनी विचारले. त्यांच्यासमोर प्लास्टरची बादली, गोणपाटाच्या पट्ट्या आणि कागदाची भिजवलेली घडी तयार होती.

"हाड कशाला? माझा हात आहे ना! समितीला जिवंत उदाहरण दिसलं पाहिजे!"

डाव्या मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेले घड्याळ होते. म्हणून सरांनी उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली, हात टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून भाषणाला आरंभ केला.

"ओला कागद म्हणजे काय? ओला कागद म्हणजे संयम!"

"सर, कागद—" सुईताई घडी पुढे करत म्हणाल्या.

"मध्ये बोलू नका, ताई! कागदाकडेच येतोय! तर, ओला कागद म्हणजे सत्य आणि त्याचं संरक्षण करणारी व्यवस्था यांच्यातलं आवश्यक अंतर—"

"सर, कागद आधी—"

"अहो, मी कागदावरच बोलतोय ना! तुम्ही पट्ट्या सुरू करा!"

सुईताईंनी क्षणभर भिंतीवरच्या नियमाकडे पाहिले. कागदाची घडी डाव्या हातात तशीच ठेवली, आणि उजव्या हाताने पट्ट्या सुरू केल्या. हुकूम म्हणजे हुकूम!

पुढली वीस मिनिटे सर ओल्या कागदावर असे काही बोलले, की तो कागद हयात असता तर संकोचून वाळला असता. संस्कृती म्हणजे ओला कागद. व्याकरण म्हणजे ओला कागद. सासू आणि सून यांच्यातले भिंतभर अंतर, तेही ओला कागदच! तोवर बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत चार थर चढून झाले होते.

"लेबल लिहा," सर डोळे न उघडता म्हणाले. वेष्टण ओले असतानाच त्यावर न पुसणाऱ्या शाईने लेबल लिहायचे, हा रिवाज. "तालीम आहे म्हणून चालढकल नको. लिहा: क्रमांक एकाहत्तर ब. वनस्पतिभक्षक, प्रौढ. अत्यंत ठिसूळ. उलटे ठेवू नये. डोके सापडलेले नाही."

सुईताईंनी अक्षरशः लिहिले. वरची बाजू दाखवणारा बाणही काढला.

"ताई, जरा गरम लागतंय."

"घट्ट होताना तापतंच, सर. तुम्हीच शिकवलंत."

"पण कागदातून एवढं?"

"कागद नाहीये, सर."

सरांनी डोळे उघडले. "नाहीये म्हणजे? कागद कुठं गेला?"

"कुठं नाही गेला. हा काय, माझ्या हातात. वीस मिनिटं झाली."

सरांनी त्या घडीकडे पाहिले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांनी आकाशातून येणाऱ्या उल्केकडे पाहिले असेल तसे.

"काढा!" सर ओरडले. "आत्ताच्या आत्ता काढा!"

"लेखी द्या, सर."

"काय?"

सुईताईंनी भिंतीकडे बोट केले. "कोणतेही वेष्टण, असं लिहिलंय. यात कुठलं मोडत नाही ते लिहिलेलं नाही."

"अहो, माझा हात आहे तो! आणि लेखी देऊ कसं? लिहायचा हातच आत आहे!"

"तोच प्रश्न आहे," सुईताई विचारपूर्वक म्हणाल्या.

सरांनी डाव्या हाताने सही केली. कोंबडीने उकिरडा उकरावा तशी ती उमटली. सुईताईंनी ती भिंगाखाली धरली आणि मान हलवली. "ही तुमची नाही वाटत."

पण सुईताई दुष्ट नव्हत्या. मेमोचे उट्टे निघाले आणि त्यांनी सही कबूल केली. मग त्यांनी वेष्टणाचे टोक धरून हलकेच ओढले, आणि सरांनी जी किंकाळी फोडली तिने कपाटातले नऊही मणके थरथरले. हातावरचा एकेक केस प्लास्टरने सख्ख्या भावासारखा कवटाळला होता!

"करवत आणू?" सुईताईंनी विचारले.

"कुठली?"

"आपली. खडकाची."

"नको! मेहुण्याकडे जातो."

सरांचा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, हाडांचा डॉक्टर होता आणि त्याचा दवाखाना पलीकडच्याच रस्त्यावर होता. एरवी सर त्याच्याकडे मरायलाही गेले नसते. पण अडला हरी म्हणतात तो हाच.

कॉरिडॉरमध्ये प्राचार्य मोजपट्टी घेऊन सोफ्याची लांबी प्रयोगशाळेच्या दाराच्या रुंदीशी ताडून पाहत होते.

"अरेरेरे! सर! हे काय झालं?"

खरे उत्तर असे होते: 'कागद विसरू नये हे समजावून सांगताना मी कागद विसरलो.' पण असे वाक्य आजवर कोणत्याही पदवीधराने कोणत्याही प्रशासकासमोर उच्चारलेले नाही. सर म्हणाले, "पडलो जरा."

"प्रयोगशाळेत?" प्राचार्यांचे डोळे मांजराला दूध दिसावे तसे लकाकले. "म्हणजे जागा धोकादायकच आहे! मी म्हणतच होतो! समितीच्या कानावर—"

"छे छे! प्रयोगशाळेत नाही! घरी! जिन्यावरून!"

"जिन्यावरून? कितव्या पायरीवरून?"

"सातव्या," सर तत्काळ म्हणाले. थापेला आकडा जोडला की तिला शास्त्राची कळा येते, हे सात निबंधांनी त्यांना शिकवले होते.

"मोठंच संकट टळलं म्हणायचं! मी वहिनींना फोन करून धीर देतो," प्राचार्य म्हणाले, आणि सर "अहो नको" म्हणेपर्यंत त्यांनी फोन लावलासुद्धा.

दवाखान्यात नावनोंदणीला बसलेल्या मुलीने सरांकडे पाहिले नाही. थेट प्लास्टरवरचा मजकूर मोठ्याने वाचायला घेतला. "क्रमांक एकाहत्तर ब... प्रौढ... अत्यंत ठिसूळ..." इथवर बाकावरचे रुग्ण सहानुभूतीने ऐकत होते. "उलटे ठेवू नये... डोके सापडलेले नाही." सरांच्या शेजारची म्हातारी आपली पिशवी उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

"दाजी!" मेहुणा दार उघडून म्हणाला. घरगुती जेवणांच्या पंक्तीत या दोघांत पंधरा वर्षे एक युद्ध चालू होते. 'तुमचे पेशंट बरे हो, दाजी, तक्रार करत नाहीत,' असे मेहुणा म्हणे. 'आणि तुझे पेशंट फार काळ टिकत नाहीत,' असे सर म्हणत. "दाजी, हाड कुठलं मोडलं?"

"कुठलंही नाही."

"मग हे प्लास्टर?"

"मीच घालून घेतलं."

"कशासाठी?"

"विद्येसाठी!" सर कडाडले. "तू ते काप. तुझी ती थरथरती करवत कातडीला लागत नाही म्हणतोस ना?"

"नाही लागत. खाली कापूस असेल तर." मेहुण्याने वेष्टणाच्या कडेला बोट घालायचा प्रयत्न केला, बोट गेले नाही. "दाजी, यात कापूस नाही? अहो, कातडी आणि प्लास्टर यांच्यामध्ये काहीतरी घालायचं असतं. आमच्यात पहिल्याच वर्षी शिकवतात. तुमच्या शास्त्रात तसं काही नसतं का?"

"असतं."

"काय असतं?"

सर खिडकीबाहेर पाहू लागले. "ओला कागद."

"मग तो—" एवढे बोलून मेहुण्याला उलगडा झाला. आणि तो असा हसला, की बाहेर बरगडी मोडलेला एक रुग्ण, हसणे सक्त मना असताना, नुसत्या आवाजाने हसू लागला आणि विव्हळू लागला.

दीड तास सरांचा हात कोमट पाण्याच्या बादलीत होता. प्लास्टरच्या कडा मऊ झाल्या. बाकी किल्ला अभेद्य राहिला. मधेच सरांच्या पत्नीचा फोन आला. मेहुणा गंभीर आवाजात म्हणाला, "अगं माई, हाताचं काही नाही. काळजी आहे ती डोक्याचीच." आणि फोन ठेवून पुन्हा हसत सुटला.

अडीच वाजले. सर ठिबकत्या हातानिशी परतले, तर सोफा प्रयोगशाळेत!

"तात्पुरता आणलाय," प्राचार्य म्हणाले, "समितीला बसायला."

प्रशासनात तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य किती असते, हे सर जाणून होते. डायनासोर त्या मानाने लवकर गेले.

ठीक तीन वाजता समिती आली. अध्यक्ष एक सडपातळ, वयस्क बाई होत्या, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. उरलेल्या दोन सदस्यांपैकी एक सगळे लिहून घेत होते आणि दुसरे सोफ्याच्या प्लास्टिकवर टेकताक्षणी झोपी गेले. सरांनी घसा खाकरला. पण त्यांच्या आधी प्राचार्य बोलते झाले.

"सरांची निष्ठा पाहा! आज सकाळी घरच्या जिन्यावरून पडले, सातव्या पायरीवरून, तरी आले! पण मी म्हणतो, या वयात माणसाला किती ताण द्यायचा? इथे अवजड दगड, करवती. त्यांना आता विश्रांती द्यायला हवी. आणि खोलीलाही."

"कुठला जिना?"

प्रश्न दारातून आला होता. दारात सरांची पत्नी उभी होती. वाऱ्याने केस विस्कटलेले, हातात पर्स, डोळ्यांत पाणी आणि पाण्याखाली विस्तव.

"कुठला जिना म्हणते मी! आपण तळमजल्यावर राहतो! सात पायऱ्या आणल्यात कुठून तुम्ही?"

सर कपाटाकडे वळले; मणके मदतीला आले नाहीत. लिहून घेणाऱ्या सदस्यांनी लेखणी थांबवली. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला, सरांच्या हातावर वाकल्या आणि वाचू लागल्या.

"'डोके सापडलेले नाही.' हे निदान कुणाचं?"

"माझं!" पत्नी म्हणाली. "बावीस वर्षांपासूनचं! फोनवर म्हणे जिना, भाऊ म्हणतो डोकं, आणि हात तर हा नुसता चिखलात बरबटल्यासारखा! बघू तो!"

"नको! अगं, कागद नाहीये—"

पण बावीस वर्षांचा संसार कागदावर अवलंबून नसतो. तिने मऊ पडलेली कड दोन्ही हातांनी पकडली, पाय रोवला आणि एकच हिसका दिला!

आरोळी ऐकून झोपलेले सदस्य खडबडून जागे झाले आणि म्हणाले, "अनुमोदन!"

वेष्टण पत्नीच्या हातात होते. सरांचा उजवा हात सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत, गुलाबी आणि निरागस दिसत होता. अध्यक्षबाईंनी वेष्टणाच्या आत डोकावून पाहिले. आतून ते अस्वलाच्या पिल्लासारखे केसाळ झाले होते.

"सर," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "आता खरं काय ते सांगा."

आणि सरांनी सांगितले. कपाटाला नव्हे, माणसांना. भाषण म्हणून नव्हे, कबुली म्हणून. अध्यक्षबाई आधी ओठ दाबून ऐकत होत्या; 'सासू आणि सून' इथे पोहोचेपर्यंत त्यांचे डोळे पुसण्याचे काम चालू झाले होते. पत्नीने पर्स तोंडावर धरली. प्राचार्य हसले नाहीत. हसण्याचा निर्णय वरून यायचा होता.

"म्हणजे कागद नसेल," अध्यक्षबाईंनी केसाळ वेष्टण उचलून विचारले, "तर हाडाचंही हेच होतं?"

"याहून वाईट! हाडाचा वरचा थरच्या थर सोलून निघतो! दात, शिवणी, सगळं प्लास्टरबरोबर जातं!" सरांचा आवाज पुन्हा चढला. "पण त्याची चिंता नको. आजची गोष्ट अपवाद. बत्तीस वर्षांत हाडावर मी कागद कधीही, कधीही विसरलेलो नाही! ताई, कागद द्या. म्हणजे, लिहायचा!"

त्यांनी त्या नवजात हाताने मोठ्या वेष्टणाच्या उघडणीची लेखी परवानगी दिली. सही करण्याआधी त्यांनी पेनाचे टोपण दोनदा लावले आणि दोनदा काढले. ते का, हे फक्त सुईताईंनी ओळखले. अकरा वर्षे टाळलेला क्षण समोर होता, आणि त्याच्या पलीकडे एक तर ही खोली होती किंवा टाकीखालचे ओलसर गोदाम.

करवत फिरली. पांढरी धूळ सोफ्याच्या प्लास्टिकवर बसली. त्या मेंढीएवढ्या वेष्टणाभोवती चीर पूर्ण झाली. सुईताईंनी झाकण उचलायला हात घातला.

झाकण उठले नाही.

त्यांनी पुन्हा बोटे घातली, मग बॅटरीचा झोत चिरेत सोडला, आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या.

"सर."

"काय?"

"जरा इकडे या."

सर गेले आणि वाकले. चिरेत एका बाजूला प्लास्टर दिसत होते, दुसऱ्या बाजूला करड्या रंगाचे काहीतरी, आणि त्या दोहोंच्या मध्ये...

"कागद दिसत नाही, सर."

सरांनी आपल्या गुळगुळीत हाताकडे पाहिले. अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. सुईताईंना त्यांनी पाणी आणायला पाठवले होते. खड्ड्याभोवती पंधरा-वीस माणसे जमली होती, आणि वेष्टण घालता घालता सर त्यांना समजावून सांगत होते... काय बरे समजावून सांगत होते? ओल्या कागदाचे महत्त्व!

"म्हणजे आत काहीच नाही!" प्राचार्य उठलेच. "चिकटलंय ना? मग हातोडा घ्या आणि फोडा एकदाचं!"

"हात लावायचा नाही!" हा आवाज सुईताईंचा होता. चोवीस वर्षांत तो कोणी एवढा मोठा ऐकला नव्हता. "आत काय आहे ते अजून कुणी पाहिलंय?"

त्यांनी स्टूल ओढले, भिंग लावले, सुई घेतली. चिरेच्या खालच्या टोकाशी, पुढच्या बाजूला, बोटभर जागा निवडली. सरांनी दिवा धरला. सुई टकटकू लागली. कुंचला धूळ झाडू लागला. पाच मिनिटे, दहा, वीस. अध्यक्षबाई सोफ्यावरून उठून टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. झोपाळू सदस्य जागे राहिले, ही त्यांच्या कारकिर्दीतली पहिलीच वेळ. कोणी बोलत नव्हते. सरसुद्धा नाही!

मग सुई थांबली. सुईताईंनी कुंचला एकदा फिरवला आणि बाजूला सरल्या.

तासलेल्या पेन्सिलीएवढा एक दात दिव्याच्या उजेडात चमकत होता. त्याच्या शेजारी दुसऱ्याचे टोक. आणि दोन्ही रुतलेले होते ते दगडात नव्हे, जबड्याच्या हाडात.

"आहे का हो?" पत्नीने हळूच विचारले.

 सरांनी होकारार्थी मान हलवली, दिवा दुसऱ्या हातात घेतला आणि धूळ गेली म्हणून डोळे पुसले. प्रयोगशाळेत धूळ असतेच म्हणा.

अध्यक्षबाईंनी भिंगातून तो दात पुष्कळ वेळ पाहिला. "तीस वर्षं मी समित्यांवर आहे," त्या म्हणाल्या. "लोकांनी मला पडद्यावर रंगीत चौकोन दाखवले, बाण दाखवले, हार घातले. खरी वस्तू आज कुणीतरी पहिल्यांदा दाखवली." मग लिहून घेणाऱ्या सदस्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "लिहा. कवटी पूर्णपणे मोकळी होईपर्यंत ही खोली, ही माणसं आणि हे टेबल, यांतलं काहीही हलवायचं नाही."

"कवटी मोकळी होईपर्यंतच ना?" प्राचार्यांच्या आवाजात आशेचा कोंब फुटला. मोजपट्टी अजून त्यांच्या खिशात होती. "म्हणजे साधारण किती दिवस?"

सगळ्यांनी सुईताईंकडे पाहिले. त्यांनी चिरेवर बोट ठेवून अंदाज घेतला, झाकणाचा घेर डोळ्यांनी मोजला आणि मनातल्या मनात गणित केले.

"प्लास्टर कणाकणानं काढावं लागेल. सुईनं. अकरा वर्षं."

"अकरा?"

"कागद लावलेला असता," सुईताई म्हणाल्या, "तर दीड महिन्यात झालं असतं."

प्राचार्य सोफ्यावर बसले. प्लास्टिक करकरले. त्या क्षणी त्या खोलीत त्यांच्याइतका ओल्या कागदाचा महिमा जाणणारा दुसरा माणूस नव्हता.

समिती गेली. प्राचार्य गेले. सोफा राहिला; तात्पुरता आणलेला असल्यामुळे तो परत न्यायचा अधिकार कोणाकडेच निघाला नाही. पत्नी त्यावर बसून केसाळ वेष्टणाकडे बघत होती आणि मधूनच आपल्याशी "सातवी पायरी!" म्हणून हसत होती. सर दाताभोवती फेऱ्या मारत होते. पहिल्या फेरीला ते गहिवरलेले होते, दुसऱ्या फेरीला समाधानी. आणि तिसरी फेरी पूर्ण होईतो त्यांची छाती पूर्ववत फुगली होती.

"ताई," ते खिडकीपाशी थांबून म्हणाले, "एक गोष्ट तुम्हाला आज सांगायला हरकत नाही. अकरा वर्षांपूर्वी मी कागद विसरलो नव्हतो. मला तेव्हाच कळून चुकलं होतं, की एक दिवस या खोलीवर संकट येणार! काम लवकर संपलं तर खोली जाणार! म्हणून मी तो कागद मुद्दाम, पूर्ण विचारान्ती, जाणूनबुजून लावला नाही! दूरदृष्टी म्हणतात ती हीच!"

पत्नीने पर्स पुन्हा तोंडावर धरली.

 सुईताईंनी सुई खाली ठेवली, कपाटातून वेष्टणांची मोठी नोंदवही काढली, अकरा वर्षांपूर्वीचे पान उघडून सरांसमोर ठेवले, पेनाचे टोपण काढले आणि पेन त्यांच्या गुळगुळीत, गुलाबी, आता पूर्णपणे मोकळ्या असलेल्या उजव्या हातात दिले.

"लेखी द्या, सर."

सरांनी पेनाकडे पाहिले. पानाकडे पाहिले. मग डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि फार उशीर झाल्याचे त्यांच्या लक्षात आले.